आपोआप थांबणारी गाडी

मी अनुपम टिपणीसांची पांढरी गाडी बोलतेय. कर्जतच्या बाजारपेठेत तुम्ही विचारलंत तर कुणीही सांगेल, "ती होय, आपोआप थांबणारी?" मला हेच नाव पडलंय. ज्याच्या जिवावर ते पडलं त्या माणसाचं नाव दशरथ. माझ्या गोष्टीत मी कमी आणि तोच जास्त आहे. पण गोष्ट कळायला आधी मला थोडं ओळखून घ्या.

कारखान्यात मला दोन डोळे बसवले. एक पुढच्या काचेमागे, आरशाच्या वर, तो कॅमेरा. दुसरा नाकात, कंपनीच्या बिल्ल्याच्या मागे, तो रडार. समोर माणूस, गुरं, गाडी असं काही आलं की आधी टिंटिं वाजायचं, आणि चालवणाऱ्याने ऐकलं नाही तर आपणच ब्रेक लावायचा. मला एवढंच शिकवलं होतं. सोबत एक अट होती. चालवणाऱ्याने ॲक्सिलरेटरवर जोराने पाय दिला तर आपण बाजूला व्हायचं. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं असं धरायचं. थोरांच्या पुढे लहानाने बोलू नये, तसंच ते मला वाटलं. मी काही शंका घेतली नाही.

शोरूममध्ये अनुपमला माझी करामत दाखवली ती फोमच्या पुतळ्यावर. पुतळा मधोमध उभा केला, सेल्समनने मला त्याच्यावर सोडलं, आणि हातभर अंतरावर मी थांबले. अनुपम लहान मुलासारखा हसला. "हा पुतळापण द्या ना," तो म्हणाला. पुतळा विकायचा नव्हता. अनुपमने मला एकटीलाच घरी आणलं.

त्याचे वडील गोपाळकृष्ण. कर्जतच्या कोर्टात जन्मभर वकिली केलेले. गाव त्यांना आप्पा म्हणतं. त्यांनी माझ्यापुढे नारळ फोडला आणि कुंकवाचं बोट नेमकं काचेवर कॅमेऱ्यासमोर टेकवलं. ते पुसेपर्यंत मला सगळं जग लाल दिसत होतं.

खरं सांगायचं तर मी काही फार हुशार नाही. दाट धुक्यात मला भिंती दिसतात. कुंभिवलीच्या नाक्यावर एकदा वाऱ्याने सिमेंटची रिकामी गोणी रस्त्यावर आणली. मला वाटलं, पोर धावलं. मी गचकन थांबले. मागचा ट्रक पाठीवर चढता चढता राहिला आणि ट्रकवाल्याने अनुपमच्या आईचा उद्धार केला. अनुपमने स्टिअरिंगवर मूठ आपटली. तेव्हापासून त्याने एक सवय लावून घेतली. मी टिंटिं केलं की तो ॲक्सिलरेटर दाबायचा. मी गप्प व्हायचे. "अशी सरळ करायची हिला," तो सगळ्यांना सांगायचा.

अनुपमचा धंदा प्लॉट विकायचा. कर्जतपलीकडे डोंगराच्या पायथ्याशी त्याचं शेतघर आहे, आणि त्याला लागूनच विकायची जमीन. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं शनिवार-रविवारी येतात, जेवतात, झाडं बघतात, मग भावाचं बोलणं निघतं. त्या शेतघरावर राखणीला दशरथ होता. वरच्या ठाकरवाडीतला. बायको जिजा आणि तो, दोघं गोठ्याशेजारच्या खोलीत राहायचे. जिजा चुलीवर भाकऱ्या भाजून पाहुण्यांना वाढायची, दशरथ झाडांना पाणी घालायचा, फाटक उघडायचा. बोलायला फार लाजाळू माणूस. पण रोज सकाळी फडक्याने माझे दोन्ही डोळे पुसायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "हिला दिसाया नको का?" असं जिजाला म्हणायचा.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा डोंबिवलीचं एक कुटुंब आलं होतं. जेवणं झाली, माणसं जांभया देऊ लागली. अनुपमला काही सुचेना. तेवढ्यात दशरथ पाण्याची बादली घेऊन माझ्यापुढून गेला.

"दशरथ, थांब तिथेच," अनुपम म्हणाला. "बादली ठेव. सरळ उभा राहा."

"का वं दादा?"

"गंमत दाखवतो पाहुण्यांना."

तो माझ्यात बसला, मला मागे नेलं आणि सोडलं. दशरथने मला येताना पाहिलं आणि उडी मारून तो कर्दळीच्या वाफ्यात पडला. पाहुणे खो खो हसले. अनुपमचा चेहरा उतरला.

"अरे, हललास की मजा जाते सगळी! ती थांबते आपोआप. विश्वास ठेव. हात बांध आणि उभा राहा. हलायचं नाही."

दुसऱ्या वेळी दशरथने हात बांधले. डोळे गच्च मिटले. मी थांबले. त्याच्या लेंग्याला माझं नाक लागलं नाही, एवढ्या अंतरावर. टाळ्या पडल्या. पाहुण्यांतल्या बाईंनी त्याला लाडू दिला. त्या दिवशी त्यांनी प्लॉट घेतला.

मग तो कार्यक्रमच झाला. जेवण, विडा, मग दशरथ. मी थांबायला कारखान्यात शिकले होते. न हलायला तो तिथे शिकला. हळूहळू त्याने डोळे मिटणंही सोडलं. माझ्याकडे बघत उभा राहायचा. त्याचा माझ्यावर विश्वास बसला होता. या गोष्टीत मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

जिजाचा नव्हता बसला. ती चुलीपुढून उठून दारात यायची आणि पदराचा बोळा तोंडात धरून बघायची. एकदा तिने आप्पांना विचारलंच.

"आप्पा, त्याच्या जागी दगूड ठेवला तं चालंल ना?"

आप्पा झोपाळ्यावर पेपर वाचत होते. "अगं, हे विज्ञान आहे जिजा. यात भ्यायचं काही नाही. आणि दशरथ काय परका आहे? घरचाच माणूस."

पाटकर आले तो दिवस माघातला. मोठं गिऱ्हाईक, तीन-चार प्लॉट एकत्र घेऊन बंगला बांधायचा त्यांचा बेत होता. अनुपम सकाळपासून हवेत. दशरथला उभं केलं, मी थांबले, पाटकरांनी शिट्टी वाजवली. मग म्हणाले, "मी चालवून बघू?"

"बघा की!" अनुपम बाजूच्या सीटवर जाऊन बसला.

पाटकरांना दुसऱ्याच्या गाडीची सवय नव्हती. त्यांनी मला गोगलगायीसारखं नेलं आणि दशरथच्या खूप अलीकडे स्वतःच ब्रेक दाबला.

"असं नाही हो," अनुपम हसला. "ब्रेकला पाय लावायचाच नाही. वेग द्या. दाबा, दाबा. घाबरू नका, ती बघून घेते."

पाटकरांनी मला मागे घेतलं. दशरथ जागेवरच होता. त्याने हात बांधले आणि माझ्याकडे पाहिलं.

मला तो दिसला. नीट समजून घ्या. धुकं नव्हतं, धूळ नव्हती, सकाळीच त्याने माझे डोळे पुसले होते. माझ्या आत त्याच्याभोवती चौकट उमटली: माणूस. मी टिंटिं केलं. तो आवाज ऐकून पाटकर दचकले आणि घाबरलेल्या माणसाचा पाय जिथे असतो तिथेच रुतला. ॲक्सिलरेटरवर. तळाला.

मी ब्रेक लावायला घेतला होता. अट आडवी आली. चालवणाऱ्याला जास्त कळतं. मी बाजूला झाले.

दशरथ हलला नाही.

त्याच्या मागे आंब्याचा दगडी पार होता. माझं नाक आणि पार यांच्यामध्ये त्याचा डावा पाय सापडला. तो ओरडला नाही. जिजा ओरडली. पाटकर दार उघडून बाहेर पडले आणि "मी काही केलं नाही, मी काही केलं नाही," म्हणत कर्दळीत जाऊन ओकले.

त्याला न्यायला दुसरी गाडी होती ती पाटकरांची. ते तिच्यात बसून निघून गेले. मग माझ्याच मागच्या सीटवर त्याला घालायचं ठरलं. पण त्याआधी अनुपमने खताच्या रिकाम्या गोण्या आणून सीटवर अंथरल्या. नीट, कोपऱ्यापर्यंत. तोपर्यंत दशरथ पाराशी जमिनीवर पडून होता.

वाटेत जिजाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या शिकवणीप्रमाणे मागच्या माणसाने पट्टा लावला नाही की मी वाजत राहायचं. मी वाजत राहिले. कर्जतपर्यंत. तो कण्हत होता आणि मी त्याच्या सुरक्षेसाठी टिंग टिंग करत होते.

"गप बस!" अनुपम माझ्यावर खेकसला. दशरथला वाटलं आपल्यालाच म्हणाले. त्याने कण्हणं आवरलं.

अनुपमचा फोन मिळताच आप्पा गावातल्या घरून रिक्षाने येऊन दवाखान्याच्या फाटकात आधीच उभे होते. ते खिडकीतून आत वाकले. कोर्टात बोलावं तसं शांत, गोड बोलले.

"दशरथ, डॉक्टरांनी विचारलं तर झाडावरून पडलो म्हणायचं. गाडीचं काढलंस तर पोलीस येतील, पाटकरसाहेब गुंततील, अनुपमचा धंदा बसेल. मग तुमची खोली तरी कुठून राहणार? आम्ही सगळं बघू. तू घरचा माणूस."

"व्हय आप्पा," दशरथ म्हणाला.

आत काय झालं ते मी नंतर जिजाच्या तोंडून ऐकलं. ती धाकट्या जावेला सांगत होती, माझ्या सावलीत बसून. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. दशरथ म्हणाला, झाडावरनं पडलो. जिजा म्हणाली, "झाडावरनं पडला तं पाय असा चेचतो व्हय? गाडी घातली त्याच्याव." डॉक्टरांनी दशरथकडे पाहिलं. तो पुन्हा म्हणाला, "झाडावरनं. ती येडी हाय, घाबारलीय." डॉक्टरांनी झाड लिहिलं. मग पनवेलला नेलं, आणि तिथे पाय गुडघ्याखालून कापला.

मला गॅरेजला पाठवलं. "काय झालं होतं?" मिस्त्रीने विचारलं. "बकरी आडवी आली," अनुपम म्हणाला. नवं नाक बसलं. दोन्ही डोळे तपासले. मिस्त्री म्हणाला, "हिच्यात काही बिघाड नाही, साहेब." अनुपमला केवढा आनंद झाला!

दशरथ कुबडी घेऊन परत आला. आप्पांनी शब्द पाळला, खोली राहू दिली. बाहेर कुठे गेला असता तर बोलला असता ना. आता झाडांचं पाणी, फाटक, चूल, सगळं जिजा करायची. तो ओट्यावर बसून राहायचा. माझ्याकडे पाठ करून.

काही महिने कार्यक्रम बंद होता. पावसाळ्यात गिऱ्हाइकंही कमी. पण दिवाळीनंतर नवी मुंबईहून एक मंडळी आली. त्यांच्यातला एकजण जेवताना म्हणाला, "तुमच्या गाडीचं काहीतरी ऐकलंय. माणूस उभा केला तरी थांबते म्हणे?"

अनुपम थोडा वेळ भात कालवत राहिला. आप्पांनी मान खाली घातली. मी अंगणातून सगळं बघत होते आणि मनात म्हणत होते, नाही म्हण. नाही म्हण रे.

"थांबते ना," अनुपम म्हणाला. "जिजा! जरा इकडे ये."

जिजा आली. हात राखेने माखलेले. तिला कळलं. ती पाहुण्यांकडे वळली आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, "आप्पांना उभं करा की. घरचीच मानसं हायती ती."

पाहुणे हसले. त्यांना तो विनोद वाटला. आप्पा हसले नाहीत, उठलेही नाहीत. अनुपमचे कान लाल झाले. "जिजा, तमाशा नको. उभी राहा."

तेवढ्यात ओट्यावरून कुबडीचा आवाज आला. दशरथ उतरत होता. एक पाय, एक काठी, घाईने. तो येऊन माझ्यापुढे उभा राहिला.

"ती नको दादा," तो म्हणाला. "मी हाय ना. मला सवय हाय."

जिजाने त्याचा दंड धरला. "चल इकडं. चल म्हन्ते!" त्याने तिचा हात सोडवला. हात बांधता येत नव्हते, कुबडी पडली असती. त्याने ती घट्ट धरली आणि डोळे मिटले.

पाहुण्यांतली एक मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना एकच पाय आहे." तिच्या बापाने मोबाइल वर धरला होता. "गप गं, थरथरतो हात," तो म्हणाला.

या वेळी अनुपमने स्वतः चालवलं. पाय ॲक्सिलरेटरपासून लांब ठेवला. मी निघाले. दशरथ मोठा होत गेला. मला चौकट उमटली: माणूस. मी टिंटिं केलं. मी थांबले.

चोख थांबले. हातभर अंतरावर. टाळ्या पडल्या. दशरथचा लेंगा ओला झाला होता आणि पाणी त्याच्या एकाच पायावरून ओघळत मातीत जात होतं. ते जिजाने पाहिलं आणि मी पाहिलं. बाकीचे प्लॉटकडे निघाले होते.

त्या क्षणी मला कळलं की मी चुकले असते, बिघडले असते, सुरूच झाले नसते तर बरं झालं असतं. पण मी बिघडलेली नाही. मी थांबते, म्हणूनच हे सारं चालू राहतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जिजाने चार भांडी, कोंबड्या आणि नवरा घेतला आणि ती वाडीची वाट चढू लागली. आप्पा ओट्यावर आले. "अगं, राहा. कुठे जाणार?" ती थांबली नाही. दशरथने मात्र वळून आप्पांना नमस्कार केला. जुनी सवय. त्या चढणीवर कुबडी निसटत होती, आणि ती दर वेळी खाली बसून त्याला खांदा देत होती.

आता माझे डोळे कुणी पुसत नाही. काचेवर आंब्याची पानं आणि कावळ्यांची घाण आहे. परवापासून नवा राखणदार आलाय. धाऊ त्याचं नाव. हसरा आहे, झपाझप चालतो. काल अनुपम त्याला अंगणातल्या जागा दाखवत होता: पाण्याचा नळ इथे, कुदळ इथे. मग माझ्यापुढे, पाराच्या जवळ नेऊन म्हणाला, "आणि पाहुणे आले की तू इथे उभं राहायचंस. सांगेन नंतर."

मला हॉर्न आहे, पण तो दुसऱ्याच्या हातात. म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्ही कधी या बाजूला जमीन बघायला याल, जेवाल, विडा खाल. मग कुणीतरी विचारेल, एक गंमत दाखवू का? तेव्हा एवढंच करा. नको म्हणा. मोबाइल खिशात ठेवा आणि म्हणा, नको, आम्हाला बघायची नाही.

फाटकाशी आत्ताच एक गाडी येऊन थांबलीय. धाऊ उघडायला पळतोय.