दगडांच्या भरवशावरचं छप्पर

मी एक जुना पन्हळी पत्रा आहे. शिरवणे गावात एका घरामागच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर माझा मुक्काम असतो. अंगाला गंज चढलाय, मधोमध मोठी घडी पडलीय. पण मित्रांनो, एकेकाळी मी एका कुटुंबाचं छप्पर होतो.

कारखान्यात जस्ताचा मुलामा देऊन मला घडवलं, तेव्हा मी आरशासारखा चमकत होतो. किसनने मला विकत आणलं. तो इथल्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रावर कामाला होता. परभणीकडून आलेला किसन, त्याची बायको केशरबाई आणि लहानगी क्रांती यांचं हे पहिलंच स्वतःचं घर. पहिल्या पावसाळ्यात केशरबाई शेजारच्या साबिराला म्हणाली, "एक थेंब खाली आला न्हाई बघ!" ते ऐकून माझा ऊर भरून आला.

एक उणीव मात्र राहिली होती. किसनने आम्हा पत्र्यांना वाशांवर नुसतं टेकवलं आणि वर मोठाले दगड ठेवले. वारा सुटला की आम्ही खडखडायचो. केशरबाई म्हणायची, "अवो, हुक मारून घ्या ना. धडधडतंय मला."

"एवढाले दगड ठिवलेत की. कुठं जातेत ते?" किसन हसून म्हणायचा.

काही वर्षं अशीच गेली. शहाण्णव साली क्रिकेटचा वर्ल्ड कप आला, तेव्हा किसन उत्साहाने वर चढला, अँटेना बसवली आणि उतरला. हुक राहूनच गेले.

त्याच वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, खाडीकडून काळी वावटळ उठली. धूळ, पालापाचोळा, प्लास्टिक गरागरा फिरवत ती गल्लीत शिरली. किसन कामावर होता. केशरबाईने क्रांतीला साबिराच्या पक्क्या घराकडे पिटाळलं आणि स्वतः दार लावायला वळली. तेवढ्यात वारा माझ्याखाली घुसला. मी उचलला गेलो आणि माझ्यावरचा दगड घसरून थेट तिच्या उजव्या खांद्यावर कोसळला. तिची किंकाळी मी उडता उडता ऐकली. पुढे मी खाडीच्या बांधावर जाऊन आदळलो.

दुसऱ्या दिवशी किसन मला शोधत आला. मला डोक्यावर घेऊन चालताना तो हुंदके देत होता.

साबिराने त्या तिघांना आपल्या घरी ठेवून घेतलं. तिचा नवरा ताजुद्दीन न्हावा शेवा बंदरात नोकरीला होता. ओट्यावर किसन त्याला म्हणाला, "ती सांगत व्हती, भाऊ. म्याच ऐकलं न्हाई."

"किसनभाऊ, आमी बंदरात रिकामा कंटेनरपन बांधून ठेवतो," ताजुद्दीन म्हणाला. "चला, आता तुमचं घर नीट बांधू."

दोघांनी सुट्ट्या खर्ची घातल्या. भिंतींत लोखंडी अँगल खोलवर रोवले, नवे पत्रे हुकांनी आवळले, गळू नये म्हणून प्रत्येक हुकाखाली वॉशर घातला. घरावर झुकलेली आंब्याची वाळकी फांदी उतरवली. मी पार वाकलो होतो, म्हणून मला खुराड्यावर घातलं. पण तिथेही किसनने मला चारी कोपऱ्यांना तारेने घट्ट बांधलं.

पुढच्या वर्षी पुन्हा तसाच वारा आला. गल्लीत बरंच काही उडालं, किसनच्या घराचा एकही पत्रा हलला नाही. शेजारी कौतुक करायला आले. किसन मान खाली घालून उभा राहिला. केशरबाईचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. तिने नवऱ्याला कधी एका शब्दानेही दोष दिला नाही. "शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," असं तो एकदा इथे, खुराड्यापाशी, स्वतःशीच पुटपुटला.

आता रोज सकाळी मागच्या दारात बसून तोच क्रांतीच्या वेण्या घालतो. त्याची राठ बोटं केसांत अडकतात, वेणी वाकडी होते. केशरबाई शेजारी बसून सांगते, "डावीकडची बट घ्या... आता वरून." तो ती सांगते तसंच करतो.

मित्रांनो, आम्हा छपरांना बोलता येत नाही. आम्ही फक्त खडखडतो. तुमच्या घरी असा आवाज आला, तर ऊन असतानाच कुणाला तरी वर पाठवा. आणि घरातलं कुणी घाबरून काही सांगत असेल, तर हसू नका. उठा आणि आधी ते काम करा.