पंच क्रमांक एक

रकाना ९ : आरोपीचा धंदा

अटकेचा फॉर्म पहिल्या रकान्यापासून भरायचा असतो. पण पहिला रकाना आरोपीच्या नावाचा, आणि तिथं नाव टाईप करायला सुमैराचं बोट धजेना. म्हणून तिने सरळ नवव्यावर उडी मारली.

“हॉटेल,” गुंडातात्या म्हणाला. “नुसतं हॉटेल लिहू नगंस. चहा, भजी, मिसळ असं लिही. मागं एका केसला वकिलानं इचारलं हुतं, हॉटेल म्हंजे ऱ्हायची सोय हाय का म्हणून.”

सुमैराने तसं लिहिलं. ती शिपाई म्हणून ठाण्यात येऊन चार महिने झाले होते, आणि ही तिच्या हातची पहिली अटक. आरोपी समोर खुर्चीत बसून शुद्धलेखन तपासत होता.

हिंगणमळ्याचं पोलीस ठाणं म्हणजे तीन खोल्या, एक कोठडी आणि मागे एक कडुनिंब. रस्त्याच्या पलीकडे, मोजून बावीस पावलांवर तात्याचं हॉटेल. पोलिसांनी कुठे काही जप्त केलं की ते आमच्यासमोर केलं असं सांगायला बाहेरची दोन माणसं लागतात. त्यांना पंच म्हणतात. पंच झालं की सही करावी लागते आणि पुढे कधीतरी कोर्टात जाऊन उभं राहावं लागतं, म्हणून पोलीस पंच शोधायला निघाले की हिंगणमळ्यात चिटपाखरू दिसत नाही. तात्याला मात्र पळता येत नव्हतं. चुलीवर दूध असायचं. मग ठाण्याच्या दारातून हाक यायची, तात्या हात पुसत यायचा, बोट ठेवलेल्या जागी न वाचता सही ठोकायचा आणि दूध उतू जायच्या आत परत. दुसऱ्या पंचाच्या जागी कुणी ना कुणी बदलत राहिला. पहिला मात्र बावीस वर्षं तोच. एकशे तेरा पंचनामे.

आणि आज तेच नाव खालच्या जागेवरून उठून वर, आरोपीच्या रकान्यात चढायला निघालं होतं. तेवढं होऊ नये, एवढंच तात्याला हवं होतं. कोठडीचं त्याला भय नव्हतं. कोठडीतला पंखा त्यानेच गेल्या उन्हाळ्यात दुरुस्त करून आणला होता.

रकाना १४ : गुन्ह्याची थोडक्यात हकीकत

थोडक्यात सांगायचं तर, मेंढा.

केरबा आणि त्याचा मेहुणा यांच्यात एका माडग्याळ जातीच्या मेंढ्यावरून भांडण होतं. दोघं म्हणत, माझा. केरबाने चोरीची फिर्याद दिली, पोलिसांनी मेंढा जप्त केला, कोर्टाने तारीख दिली. मेंढ्याच्या गळ्यात पुठ्ठ्याचं लेबल बांधलं, त्यावर गुन्ह्याचा नंबर, लाखेचा ठिपका आणि पंच क्रमांक एकची सही. मग मेंढा ठाण्यामागच्या कडुनिंबाला बांधला, आणि दोन महिने तो तिथेच होता. पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, अंगावर तपकिरी ठिपके, चालणं असं की वरातीत निघालाय. म्हणून ठाण्यात त्याला नवरदेव म्हणत.

फेब्रुवारी सरला आणि नवरदेवाने खाणं टाकलं. पेंड बघायचा आणि तोंड फिरवायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोग काही नाही, बांधून बांधून कंटाळलाय. त्याला चार जनावरं दिसू देत, थोडं चालू फिरू दे. हवालदार भाऊसोचा जीव त्या मेंढ्यावर जडला होता. तो या महिनाअखेरीला निवृत्त होणार, आणि त्याच्या ताब्यातला मुद्देमाल डोळ्यांदेखत वाळत चाललेला. शनिवारी पहाटे त्याने तात्याला हाक मारली आणि म्हणाला, गड्या, याला जरा फिरवून आण.

तात्याने फिरवून आणलं. आटपाडीपर्यंत.

तिथे यात्रेत जनावरांचं प्रदर्शन होतं. तात्याचा मुलगा शिवतेज टेम्पो चालवतो. टेम्पो तिकडे निघालाच होता. नवरदेवाने शेकडो मेंढ्या बघितल्या, त्याच्या अंगात वारं भरलं, आणि तो जो मैदानात चालला, तो पहिला नंबर घेऊनच थांबला. तात्या रविवारी हॉटेल उघडायला एस.टी.ने परत आला. मेंढा मागे राहिला, कारण विजेत्याची मिरवणूक रविवारी संध्याकाळी होती.

सोमवारी सकाळी पेपर आला. आत रंगीत फोटो. नवरदेव फेट्यात, बाजूला तात्या, आणि गळ्यात ते लेबल. इतकं स्पष्ट, की गुन्ह्याचा नंबर वाचता येत होता. खाली ओळ होती: ‘विजेता मेंढा व त्याचे मालक’.

नवे फौजदार धैर्यशील शिरवळकडचे. पेपर ते समोरच्याच हॉटेलात, तात्याचाच चहा पिताना वाचत होते. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि फोटोतल्या माणसाकडून पाण्याचा ग्लास मागून घेतला. मग उठून कडुनिंबाखाली जाऊन आले. तिथे नुसतं दावं होतं.

रकाना १४, पुढे चालू (फॉर्ममध्ये जागा नाही)

तात्या एक शब्द बोलला असता तर सगळं मिटलं असतं. त्या शनिवारी पहाटे मेंढ्याचं दावं हातात घेतल्यावर तो म्हणाला होता, “हवालदार, नोंद घाला.” बावीस वर्षांत तो ठाण्याकडून एवढं एकच शिकला होता, की ज्याची नोंद नाही ते झालंच नाही. आणि भाऊसोने त्याच्यासमोर स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्यात दिवसभर जे जे घडतं ते लिहायच्या त्या जाडजूड वहीत, नोंद घातली होती.

पण ती नोंद म्हणजे मुद्देमाल बाहेर कुणी दिला याचा लेखी कबुलीजबाब. भाऊसोच्या निवृत्तीला बावीस दिवस उरले होते. त्यामुळे साहेबांनी विचारलं, मेंढा कुणाच्या परवानगीने नेला, तेव्हा तात्या म्हणाला, तो चालायला लागला, मी मागनं गेलो.

कोपऱ्यातल्या टेबलावर भाऊसो एकच पेन्सिल तिसऱ्यांदा तासत होता.

रकाना ११ : अंगझडतीत मिळालेल्या वस्तू

आता नव्या कायद्याने झडतीचा व्हिडिओ काढावा लागतो. सुमैराने मोबाईल धरला. तात्याने सांगितलं, उजेड पाठीमागून येतोय, तू खिडकीकडं पाठ करून हुबी ऱ्हा. मागच्या खेपेला आरोपीचं नुसतं काळं ठोकळं आलं हुतं. सुमैरा फिरली. मग त्याने स्वतःच एकेक खिसा उलटा केला आणि पंचाला शोभेल अशा आवाजात, सावकाश, कॅमेऱ्याकडे बघत वस्तू पुकारल्या. वेलदोडे चार. गॅस पेटवायचा लायटर, चालू स्थितीत. चुन्याची डबी. लोकरीचा पुंजका, तपकिरी.

“पुंजका कशाला सांगता तात्या,” सुमैरा कुजबुजली. “पुरावा हाय तो.”

“मिळाला म्हंजे लिहायचा,” तात्या म्हणाला. “गाळलास तर वकील खाईल तुला.”

रकाना ६ : ओळखचिन्ह

डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना व्रण, किटलीचा. सुमैराला तो व्रण ठाऊक होता. तिची आई झुबेदा तात्याच्या हॉटेलशेजारीच शिलाई मशीन चालवते. भरतीच्या आधी सुमैरा पहाटे धावायला जायची, तेव्हा याच मनगटाने तिला रोज दुधाचा ग्लास दिला होता. सहा वाजायच्या आत, कुणाला दिसू न देता. तिने ‘व्रण’ लिहिलं, पुसलं आणि पुन्हा लिहिलं.

रकाना १६ : अटकेची माहिती कोणास दिली

पत्नी राहीबाई, फोनवरून. फोन स्पीकरवर होता, कारण तोही नियम. सुमैराने कायद्याची वाक्यं वाचून दाखवली. राहीबाईंनी ती नीट ऐकून घेतली आणि विचारलं, बेसनाच्या डब्याचं झाकण कुठं ठेवलंय ते आरोपीला विचार. झाकण सापडल्यावर त्यांनी विचारलं, चहा किती पाठवू. साहेब, भाऊसो, सुमैरा असे तीन की आरोपी धरून चार. तात्याने चार बोटं दाखवली.

रकाना २१ : साक्षीदार

इथे खरी पंचाईत झाली. अटकेच्या कागदावर एखाद्या नातेवाइकाची नाहीतर परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते. राहीबाई चुलीपुढून उठायला तयार नव्हत्या. साहेबांनी भाऊसोला बाहेर पिटाळलं आणि सांगितलं, गावातला कुणीही प्रतिष्ठित माणूस धरून आणा.

भाऊसो रस्त्यावर आला मात्र, आणि हिंगणमळ्याने आपली जुनी कला दाखवली. सलूनमधलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने मागच्या दाराने गेलं. खताच्या दुकानाचं शटर पडलं. अजहर पंक्चरवाल्याने समोरच्या चाकात डोकं घातलं ते काढलंच नाही. सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी लांबूनच हात जोडले आणि मोटरसायकल उसात घातली. पाऊण तासाने भाऊसो घाम पुसत परत आला, एकटाच.

तोवर सुमैराने उरलेले सगळे रकाने भरत आणले होते. पहिलाही, डोळे मिटून. फक्त साक्षीदार राहिला होता. तिने त्या चौकटीवर बोट ठेवलं, आणि कॉम्प्युटरने सवयीप्रमाणे पंचाचं नेहमीचं नाव आपणच भरलं. ते तिच्या ध्यानात आलं नाही. भाऊसो तेव्हा पाणी पीत होता. प्रिंट निघाली, पाच पानं. समोर तात्या. तिने जिथं जिथं बोट ठेवलं, तिथं तिथं तात्याने झपाझप सह्या केल्या. समोरून राहीबाईंनी हाक मारली होती. दूध चढलं होतं. सवय ती सवय.

रकाना २१, पुन्हा

साहेबांनी कागद वाचायला घेतले. चौथ्या पानावर थांबले. पुन्हा पहिल्यावर गेले. मग दोन्ही पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, लग्नात नवरा-नवरी उभे करावेत तशी.

“आरोपी, गुंडा,” ते म्हणाले. “आणि या इसमाला माझ्यासमक्ष अटक झाली, असं सांगणारा परिसरातला प्रतिष्ठित नागरिकही गुंडा.”

 तात्या वाकून बघायला लागला. एवढ्या वर्षांत आपल्याच सहीचा कागद तो पहिल्यांदा वाचत होता. वाचता वाचता त्याला कळलं, की भिंतीला भगदाड पडलंय आणि त्यातून तो सरळ घरी जाऊ शकतो. असला कागद कोर्टात एक मिनिट टिकला नसता. पण भगदाडाखाली उभी होती सुमैरा. साहेबांनी तिच्याकडे मान वळवलीच होती. अशांना लिहायच्या टेबलावर बसवतं कोण, असं ते हळू आवाजात विचारत होते.

“पोरीची चूक न्हाई साहेब,” तात्या म्हणाला. “माझंच नाव घालत्यात समदे, हितं बावीस वर्सं. दुसरा कागद काढा. साक्षीला मी राहीला वढून आणतो. पर पयल्या रकान्यात माझं नाव बरोबर हाय, ते ऱ्हाऊ द्या.”

हे बोलला खरा, पण शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज चहाच्या गाळणीतून आल्यासारखा बारीक झाला.

तेवढ्यात कोपऱ्यात पेन्सिल मोडली.

भाऊसो उठला. स्टेशन डायरी छातीशी धरून तो आला, शनिवारचं पान उघडलं आणि शाळेत धडा वाचतात तसं मोठ्याने वाचलं: सहा वाजून पाच मिनिटे. मुद्देमाल मेंढा चारा खात नसल्याने, डॉक्टरांच्या सल्ल्यावरून, फिरवून आणणेकामी हॉटेलचालक गुंडा यांचे ताब्यात दिला. सही, भाऊसो. मग पुस्तक बंद न करता तो म्हणाला, “आता माझं नाव घाला साहेब वर. मी सकाळपास्नं धीर गोळा करतोय.”

साहेबांनी विचारलं, फिरवून म्हणजे किती लांब.

“ते लिहायचं ऱ्हायलं,” भाऊसो म्हणाला.

साहेबांनी डायरी ओढून घेतली. शनिवारच्या पानाच्या तळाशी, जिथं रोज सकाळी अधिकाऱ्याने सगळ्या नोंदी वाचून सही करायची असते, तिथं हिरव्या शाईत ऐटबाज सही होती. ‘पाहिले.’ आणि खाली नाव. धैर्यशील यांनी आपली सही ओळखली. तीही दूध उतू जायच्या आतच केलेली दिसत होती.

 पहिला आवाज सुमैराच्या नाकातून आला. तिने तोंडावर हात दाबला, पण हसू डोळ्यांतून निघालं. तात्याने भाऊसोकडे बघितलं, भाऊसोने छताकडे. साहेबांची मिशी थरथरली. रागाने असेल असं सगळ्यांना वाटलं, आणि मग ते खुर्चीत मागे रेलून इतके हसले, की कोठडीच्या गजावर बसलेली चिमणी उडाली.

“कॉम्प्युटरवर फॉर्म पक्का करायचं शेवटचं बटण दाबलंय?” त्यांनी डोळे पुसत विचारलं.

नव्हतं दाबलं. तात्याच्या दुरुस्त्यांमधून वेळच मिळाला नव्हता.

पाच पानं आडवी रेघ मारून फाईलला लागली. चूक लपवायची नाही, एवढं साहेबांनीच बजावलं. डायरीत नवी नोंद पडली: गुंडा यांस चौकशी करून सोडले. तिच्याखाली साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, की शनिवारची नोंद त्यांनी न वाचता सही केली होती.

पंचनामा क्रमांक एकशे चौदा

चार वाजता हलगी ऐकू आली. शिवतेजचा टेम्पो गावात शिरला तो निम्मं गाव मागे घेऊन. पंच शोधताना गायब झालेली सगळी माणसं आता रस्त्यावर होती, अर्धी दाढीसुद्धा. टेम्पोत नवरदेव, फेटा जरा कलंडलेला, गळ्यात लेबल शाबूत.

मुद्देमाल परत आला म्हणजे पंचनामा आला. भाऊसोने वजनकाटा आणला. जप्तीच्या दिवसापेक्षा मेंढा दीड किलोने जास्त भरला. साहेब म्हणाले, कमी भरलेला मुद्देमाल पुष्कळ ऐकलाय, वाढलेला पहिल्यांदाच बघतोय. फेटा आणि मानाची ढाल यांचं काय करायचं हे कुणालाच कळेना. तात्या म्हणाला, “जे आलंय त्याची नोंद घाला.”

सुमैराने कागद समोर धरला आणि खालच्या जागेवर बोट ठेवलं. पंच क्रमांक एक.

तात्याने पेन घेतलं, टेकवलं, आणि थांबला. मग खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसला. पलीकडून राहीबाई ओरडत होत्या, दूध चाललं म्हणून.

“जाऊ दे गं,” तात्या म्हणाला, आणि पान उलटलं.