नकाशातला बगीचा

"काका, अहीं बगीचो हतो ने?" नकाशा उलटासुलटा करत त्या मुलीनं विचारलं.

दत्ताजीराव फाटकाच्या किल्ल्या खिशात टाकत होते. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

मुलगी पंचविशीतली असेल. माती तपासणाऱ्या एका खाजगी कंपनीतून बोअरिंगचं मशीन आणि दोन माणसं घेऊन आली होती. दत्ताजीरावांच्या खाकी सदऱ्यावरची नावाची पट्टी वाचून तिनं गुजराती सोडली.

"माने? मग मराठीतच बोलू या की. मी कोमल शिर्के, दांडिया बाजारातली. पाच ठिकाणी बोअर घ्यायचेत काका. माती ठीक निघाली की चारशे घरांचं काम सुरू."

"घ्या," दत्ताजीराव म्हणाले. "मी आहेच."

शहराबाहेर, तरसालीच्या पुढची ती आठ एकर जमीन एका रंगाच्या कारखान्याची होती. कारखाना बंद पडून सोळा वर्षं झाली. यंत्रं भंगारात गेली, शेडचे पत्रे गेले, नुसती भिंत उरली. दत्ताजीराव बावीस वर्षं तिथं ऑपरेटर होते आणि बंद झाल्यापासून तिथलेच वॉचमन. आता ती जागा परवडणाऱ्या घरांसाठी राखून ठेवली होती आणि फाटकावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र असलेला फलक लागला होता.

नकाशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा चौकोन होता. तिथं बगीचा कधीच नव्हता. दोन पुरुष खोल खड्डा होता. दत्ताजीराव आणि त्यांचा जोडीदार प्रतापसिंह यांनी अकरा वर्षं दुसऱ्या पाळीत तिथं पिंपं लोटत नेली आणि रंगाचा गाळ ओतला. खड्डा भरला तेव्हा साहेबांनी वर मुरूम टाकायला लावला. सरकारी तपासणीच्या दिवशी सकाळी टेम्पोतून गुलाबाच्या कुंड्या आल्या, कोपऱ्यात ओळीनं मांडल्या गेल्या आणि संध्याकाळी त्याच टेम्पोतून परत गेल्या. कागदावर मात्र बगीचा राहिला.

त्या कोपऱ्याचं सोळा वर्षांत दत्ताजीरावांना कधी नीट कळलं नाही. सगळ्या आवारात वेडी बाभूळ माजली होती, पण कोपऱ्याशी येऊन ती कात्रीनं कापल्यासारखी सरळ रेषेत थांबली होती. कुत्री एकमेकांच्या मागे धावत आली तरी त्या रेषेपाशी वळसा घालत. टिटव्या बाकी सगळीकडे ओरडत फिरायच्या, तिथं उतरत नसत. मे महिन्यात आवारभर भेगा पडत आणि तो कोपरा ओला दिसे. वारा पडला की तिथून बदामाच्या शिऱ्यासारखा गोडसर वास येई. कुणीतरी जवळच काहीतरी रांधत बसलंय, असं वाटावं इतका घरगुती वास. दत्ताजीराव खुर्ची टाकताना त्या बाजूला कधी पाठ करत नसत.

संध्याकाळपर्यंत पाचही बोअर झाले. माती तपकिरी आणि स्वच्छ निघाली. पाचांतला एकही त्या कोपऱ्याजवळ नव्हता. दत्ताजीरावांनी नळ्या मोजून गाडीत ठेवायला मदत केली आणि तोंड उघडलं नाही.

त्याला कारण होतं. चारशे घरांच्या सोडतीत त्यांच्या मुलीचं, मोहनाचं नाव लागलं होतं. मोहना आणि तिचा नवरा अनुज शहरात, गोत्रीला एका भाड्याच्या खोलीत राहत. मालक दर अकरा महिन्यांनी घर बदलायला लावी. त्यांच्या पाच वर्षांच्या अवंतीनं चार घरं पाहिली होती.

त्या दिवशी ते घरी पोचले तेव्हा मोहना आलेलीच होती. तिनं चहा ठेवला आणि पिशवीतून माहितीपत्रक काढून त्यांच्यासमोर पसरलं.

"हे बघा बाबा. सी विंग, पहिला मजला. आमची खिडकी बरोबर बगीच्यावर उघडते."

"कुठला बगीचा?"

"मुलांना खेळायचा. तिथं आधीपासूनच होता म्हणे, तोच ठेवणार आहेत. तुम्हाला तर माहीत असेल."

अवंतीनं त्या हिरव्या चौकोनात पेन्सिलीनं एक झोपाळा काढला होता. झोपाळ्यावर एक मुलगी होती. तिचे पाय जमिनीला टेकलेले होते.

दत्ताजीरावांचा चहा निवला. त्यांना प्रतापसिंहाचे तळहात दिसायला लागले. ते तळहात कायम पिवळे असायचे. तो भिंतीला टेकून बसला की भिंतीवर पंजा उमटायचा. लघवीतून रक्त जायला लागलं आणि एकोणपन्नासाव्या वर्षी तो गेला. शेवटची अंघोळ घातली तेव्हा दत्ताजीराव तांब्यानं पाणी ओतत होते. अंगावरून ओघळणारं पाणी पिवळं झालं. त्यांनी आणखी ओतलं, आणखी ओतलं, तरी ते पिवळंच येत राहिलं. शेवटी प्रतापसिंहाच्या भावानं त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "बस, माने. आता ते निघायचं नाही."

दुसऱ्या दिवशी कोमल मशीनवाल्याला घेऊन मशीन आणि उरलेलं सामान न्यायला आली. दत्ताजीराव फाटकातच उभे होते.

"सहावा बोअर घ्या," ते म्हणाले. "त्या कोपऱ्यात."

"काका, पाचांचीच परवानगी आहे. आणि तिथं तर बगीचा..."

"बगीचा नव्हता. मी पुरलंय तिथं."

कोमलनं त्यांच्याकडे पाहिलं. काय पुरलंय, हे तिनं विचारलं नाही. मशीन कोपऱ्यात नेऊन लावलं.

पहिले तीन फूट मुरूम निघाला. मग नळी आपोआपच खाली सरकायला लागली, जोर लावावाच लागला नाही. मशीनवाल्यानं भुवया वर केल्या. नळी वर काढून कोमलनं पत्र्यावर रिकामी केली आणि तिघंही दोन पावलं मागे सरली. एवढ्या वर्षांनी तो रंग जसाच्या तसा होता, ओल्या हळदीसारखा पिवळा, उन्हात चमकणारा. त्यात एक मूळ नव्हतं, गांडूळ नव्हतं, साधी मुंगीही नव्हती. गोड वासानं डोळ्यांत पाणी आलं.

मशीन बंद केलं तरी आवाज थांबला नाही. भोकातून सावकाश, घोट घेतल्यासारखा आवाज येत होता. खालून काहीतरी वर चढत होतं. ते तोंडापर्यंत आलं, क्षणभर थरथरलं आणि तिथंच स्थिर झालं.

"बूच मारा त्याला," कोमल म्हणाली. बूच बसल्यावर ती बराच वेळ हातमोजे काढत राहिली. "काका, हे अहवालात घालायचं तर पाचांच्या बाहेर बोअर का घेतला ते सांगावं लागेल. कुणीतरी लेखी द्यायला हवं. आणि देणाऱ्यावर येईल."

"माझंच आहे ते," दत्ताजीराव म्हणाले.

घरांच्या योजनेच्या कचेरीत त्यांनी जबाब दिला. किती वर्षं, कुठली पाळी, दिवसाला किती पिंपं, सगळं सांगितलं. अधिकाऱ्यानं विचारलं, की माहीत होतं तर इतकी वर्षं गप्प का बसलात. दत्ताजीरावांनी विचार केला. "कुणी विचारलं नाही, असं म्हणता आलं असतं," ते म्हणाले. "पण मीच तिकडे बघत नव्हतो." अधिकाऱ्यानं तेही लिहून घेतलं. सही करायला कागद पुढे सरकवताना त्यानं आपली खुर्ची थोडी मागे घेतली.

एप्रिलमध्ये सोडत रद्द झाल्याचा मेसेज सगळ्यांना आला. दुसरी जागा मिळेल तेव्हा कळवू, एवढंच त्यात होतं. मोहना तडक बापाच्या घरी आली. दारातच उभी राहिली.

"बाबा, तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"सोळा वर्षं नाही सांगितलंत. नेमकं आमचं नाव लागलं तेव्हा?"

"तुझी खिडकी तिथंच उघडत होती, मोहना."

"आम्ही नसतं खेळू दिलं तिला तिथं. खिडकी बंद ठेवली असती."

"आणि बाकीच्या पोरी?"

मोहना जिन्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. "मालकानं जूनपर्यंत खोली सोडायला सांगितलीय," एवढं बोलून ती जिना उतरली. त्यानंतर तिचा फोन आला नाही. दत्ताजीरावांनी दोनदा केला. दोन्ही वेळा अनुजनं घेतला आणि ती कामात आहे म्हणाला.

मे संपता संपता दत्ताजीरावांनाही कामावरून कमी केलं. जबाब दिलेला माणूस त्याच जागेवर राखणीला नको, असं कुणीतरी ठरवलं होतं. कोपऱ्याभोवती तारेचं कुंपण झालं. फाटकावरचं हसरं कुटुंब उतरवलं गेलं आणि तिथं धोक्याची पाटी आली.

शेवटच्या दुपारी त्यांनी नव्या वॉचमनला आवार फिरवून दाखवलं. माणूस पंचेचाळिशीचा, पादरा गावाकडून आलेला होता. कुंपणापाशी दत्ताजीराव थांबले.

"ह्याच्या आत जायचं नाही. पाऊस पडला की पाणी बाहेर येतं, रंगीत असतं. तेही ओलांडायचं नाही, वळसा घालायचा. खुर्ची टाकाल तेव्हा इकडे तोंड करून बसा."

"का?"

"मला काही सांगता येणार नाही. पण बसा."

नव्या माणसानं विनोद करावा म्हणून तोंड उघडलं, मग कोपऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. परत येताना तो दत्ताजीरावांच्या पावलावर पाऊल टाकत चालला.

दत्ताजीरावांनी किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. फाटकाच्या आत उभं राहून पायांतल्या वहाणा काढल्या. तळ पिवळे पडले होते. त्या त्यांनी भिंतीच्या आतल्या अंगाला नीट जोडीनं ठेवल्या आणि अनवाणी रस्त्यावर आले. डांबर चटके देत होतं.

रस्त्याच्या पलीकडे निंबाच्या सावलीत मोहना स्कूटर लावून उभी होती. आजचा शेवटचा दिवस आहे, हे अनुजनं सांगितलं असावं. त्यांनी रस्ता ओलांडेपर्यंत ती बघत राहिली. मग त्यांच्या उघड्या पायांकडे तिची नजर गेली आणि तिथंच थांबली.

तिनं स्कूटर सुरू केली. दत्ताजीराव मागे बसले.

"पाय नीट वर घ्या बाबा," ती म्हणाली. "सायलेन्सर तापलाय."