मारोतरावांच्या सुनेची मशीन

मशीन बोलते, ऐकणारा पाहिजे, असं मारोतराव लांजेवार जन्मभर सांगत आले. भिलाईच्या कारखान्यात मिलच्या मेंटेनन्सला हाडं झिजवलेला माणूस. रिटायर होऊन रिसालीत घर बांधलं, तरी शिफ्टच्या भोंग्याला डोळे उघडायचेच. दुःख एकच होतं. पोटचा पोरगा देवानंद बँकेत लागला, उत्तम झालं. पण घरातला फ्यूज उडाला की तो गडी मेणबत्ती शोधत फिरायचा. "हा माझाच आहे ना?" असं मारोतराव बायकोला विचारायचे आणि कलावतीबाई लाटणं दाखवायच्या.

सून मात्र वेगळ्या मातीची निघाली. वसुंधरा गोंदियाची, बी.एस्सी. झालेली, बोलायला कमी. तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला, नवऱ्याच्या मागे लागून घरी कॉम्प्युटर आणवला आणि समोरच्या खोलीत काम सुरू केलं. लग्नाच्या पत्रिका, मुलींचे बायोडाटा, शाळांचे पेपर. मराठी म्हणा, हिंदी म्हणा, बोटं अशी चालायची की बघत राहावं. मारोतराव पेपर वाचायच्या निमित्तानं तिथंच खुर्ची टाकून बसायचे. पेपर उलटा धरलाय हे कलावतीबाईंनी एकदा दाखवूनही दिलं.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. कारखान्यात त्या दिवशी मशीन बंद ठेवतात, धुऊनपुसून वरचे गार्ड, म्हणजे झाकणं, उघडतात आणि मग पूजा करतात. वसुंधरानं कॉम्प्युटरच्या डब्यावर हार घातला तशी मारोतरावांनी जीभ चावली.

"झाकणाची पूजा करतेस का बाई? देव आत असते!"

वसुंधरा हसली. तिनंच स्क्रू काढून बाजूचं झाकण उघडून दिलं आणि ताट धरून सासऱ्यांच्या मागे उभी राहिली. मारोतरावांनी ओलं कुंकू लावलं, डोळे मिटले आणि भरल्या हातानं अक्षता टाकल्या. नारळ तेवढा बाहेर अंगणात फोडला. एवढी अक्कल त्यांना होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मशीननं रंग दाखवायला सुरुवात केली. चालता चालता पडदा भस्सकन निळा व्हायचा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी इंग्रजी आणि आकडे यायचे, आणि टाइप केलेलं सगळं गडप. बंद करून चालू करावं, तर घटकाभर गुणी बाळासारखी चालायची. पुन्हा निळी.

आणि हे नेमकं कधी, तर जवळच्या एका शाळेनं सहामाहीचे सगळ्या वर्गांचे पेपर पहिल्यांदाच वसुंधराला दिले तेव्हा. दसऱ्याच्या आत दिले नाहीत, तर काम दुर्गच्या प्रेसवाल्याकडे जाणार होतं. त्याहून वाईट म्हणजे देवानंद. त्यानं जेवता जेवता निकालच लावला.

"बस हो गया यार. दसरा झाला की दुकानदाराला वापस करून टाकू. तू कुठं शाळेत नोकरी बघ."

वसुंधराची तव्यावरची पोळी करपली, आणि तिची पोळी कधी करपत नसे. एखाद्या चांगल्या फिटरच्या हातून पाना काढून घ्यावा तसं वाटलं मारोतरावांना.

दुकानाचा केवलराम स्कूटरवर दोनदा येऊन डबा घेऊन गेला. त्याच्या दुकानात एसी होता. तिथं थोडा वेळ मशीन चालवून बघायचा आणि आणून ठेवायचा. "भाभीजी, वायरस था. फॉर्मेट मार दिया." दोन्ही वेळा दुपारपर्यंत पडदा पुन्हा निळा.

"वायरस-फायरस काही नाई," मारोतरावांनी आपलं घोडं पुढे दामटलं. "रिसालीची लाइनच बेकार आहे. व्होल्टेज पडून राहिलं."

दुसरी एखादी असती तर "तुम्हाला काय कळतं" म्हणाली असती. वसुंधरानं त्याच बोर्डावर एक बल्ब लावला. "व्होल्टेज पडलं तर बल्बपण डोळा मारेल ना, मामाजी?" दोघं टक लावून बसले. दुपारी पडदा निळा झाला. बल्ब ढिम्म. मारोतरावांचा अंदाज सपशेल आपटला, पण वाईट वाटायच्या ऐवजी त्यांना असा काही आनंद झाला की त्यांनी मांडीवर थाप मारली.

"वा गं पोरी!"

"आता वायरसचं बघू," ती म्हणाली. "एकच रोग असता तर एकच रडगाणं असतं. ही रोज वेगळे आकडे दाखवून राहिली. आन सकाळी बरी चालते, दुपारी लवकर पडते. कावून?"

तोंडाशी आलेलं मारोतरावांनी गिळलं, कारण पोरीची गाडी रुळावर होती आणि मधे हात घालणारा गाढव असतो. कारखान्यात भल्याभल्यांना त्यांनी एकाच गोष्टीसाठी शिव्या घातल्या होत्या: एका वेळी एकच नट हलवा. तीन-तीन नट फिरवता, मग रोग गेला तरी कशानं गेला ते समजते का? आणि ही, कोणी न शिकवता, नेमकं तेच करत होती. एकदा प्रिंटर काढून पाहिला. एकदा वायर बदलली. एकदा नुसती चालू ठेवून काहीच काम केलं नाही. दर वेळी एकच बदल, आणि मग हात बांधून वाट पाहणं. जुन्या जुन्या हातांना हा धीर नसतो हो! मारोतरावांचे डोळे भरून आले, तर त्यांनी चष्मा पुसायचं सोंग केलं.

नवमीला दोन दिवस उरले तेव्हा वसुंधरानं झाकण काढलं आणि टेबलफॅनचं तोंड आत केलं. दुपार गेली, चहा झाला, पडदा निळा होईना.

"मामाजी, हिला ताप येऊन राहिला," ती हळूच म्हणाली.

टॉर्च लावून ती वाकली. मशीनच्या मेंदूवर एक टिचभर पंखा असतो, भिरभिर फिरायला हवा. तो मख्ख उभा होता. वसुंधरानं मशीन बंद केली, अंबाड्यातली पिन काढली, पंख्याच्या पात्याखाली घातली आणि काहीतरी उकरून तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा. कुंकवात भिजून, वाळून, खडा झालेला.

कलावतीबाई दारातून बघत होत्या. "अगंबाई, हा तर यांचा!" म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून हसत सुटल्या. मारोतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर लोकांच्या मशीनमधला कचरा काढला आणि सुनेच्या मशीनमधे भक्तिभावानं घातला!

वसुंधरानं सासऱ्यांकडे पाहिलंच नाही. दाणा टाकून तिनं पंखा पुसला, मशीन चालू केली. पंखा फिरला. तिनं झाकण बसवलं आणि कामाला लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे पेपर शाळेत पोचले.

देवानंद घरी आला. "चलने लगा? क्या था?"

"काही नाही हो, पंख्यात कचरा होता," वसुंधरा म्हणाली.

मारोतराव ताडकन उठले. "बिघाडाचा खोटा रिपोर्ट माझ्या घरात चालणार नाई! कचरा नव्हता, अक्षता होत्या. माझ्या हातच्या. मी घातलेलं माझ्या सुनेनं शोधून काढलं. केवलरामला नाई सापडलं, मलेही नाई. आन तू, वापस करायची भाषा पुन्हा काढू नको. इतके दिवस रडून राहिलो होतो का माझ्या घरात मेकॅनिक नाई म्हणून. घरातच होता!"

देवानंदनं आईकडे पाहिलं. आईनं लाटणं दाखवलं.

सकाळी खंडेनवमी. पाटावर मारोतरावांचे पाने, कलावतीबाईंची विळी आणि देवानंदचं पेन मांडलं होतं. शेजारी टेबलावर कॉम्प्युटर. वसुंधरा सवयीनं ताट घेऊन मागे उभी राहायला निघाली, तर मारोतरावांनी ताट तिच्या हातातून काढून घेतलं.

"बस पुढे."

"मी? मामाजी, पूजा तर तुम्ही..."

"ज्याची मशीन, त्यानं पूजा करायची. कारखान्याचा कायदा आहे. गेल्या खेपेला मीच मोडला, म्हणून ताप आला."

वसुंधरा पाटावर बसली. कपाळावरचा घाम पुसायच्या निमित्तानं तिनं डोळेही पुसले.

"झाकण नाई काढायचं का?" कलावतीबाईंनी मुद्दाम विचारलं.

"नको," मारोतराव म्हणाले. "आतलं तिले बाहेरूनच दिसते."

आणि अक्षतांचं ताट दोन्ही हातांनी धरून ते सुनेच्या मागे उभे राहिले.