चौदा नंबरचं दार

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून खैरुद्दीन परकार घरी आले, टोपी घडी करून खिशात घातली आणि खुर्चीत बसून टॅब उघडला. दोन मिनिटं झाली असतील नसतील, ते असे काही ओरडले की स्वयंपाकघरात बांगडे तळणाऱ्या रुकय्याच्या हातातला झारा खाली पडला.

“फहद! बाहेर ये आधी. आत्ताच्या आत्ता!”

आतल्या खोलीतून मुलाचा दबका आवाज आला. “अब्बा, कॉलवर आहे. पाच मिनिटं.”

“खड्ड्यात गेला तुझा कॉल!”

आता खैरुद्दीनचा राग काही त्या घराला नवा नव्हता. लिफ्ट उशिरा आली की राग, पार्किंगमध्ये कुणी तिरकी गाडी लावली की राग, नात इंग्रजीत उत्तर देते म्हणून राग. बंदरावर सदतीस वर्षं क्रेनवाल्यांवर ओरडण्यात गेलेली, त्यामुळे हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. घरातले लोक कानाडोळा करायचे. दहा मिनिटांनी स्वारी चहा मागायची, खलास. पण आज रुकय्या बाहेर आली आणि दारातच थबकली. नवरा टॅब डोळ्यांना भिडवून त्यात काहीतरी शोधत होता.

फहद हेडफोन गळ्यात अडकवून आला. त्याच्यामागून त्याची तेरा वर्षांची लेक अलिना.

“हे तू केलंस?” खैरुद्दीनने टॅब त्याच्या तोंडासमोर धरला.

फहदने बघितलं. जुनी दगडी घरांची एक गल्ली, दुधाची गाडी, सायकलवर दोन पोरं. “अरे, टॅनर स्ट्रीट! अब्बा, तुमच्या थॉर्नबेकचा फोटो. कालच लाइव्ह झाला. मस्त क्लीन आलाय ना? कलर पण केलाय.”

“मस्त?” खैरुद्दीनचा आवाज चिरकला. “मस्त म्हणतोस? चौदा नंबरच्या दारात बघ. कोण आहे तिथे?”

“कुणीच नाही.”

“हां. कुणीच नाही. कालपर्यंत माझी आई होती.”

फहदच्या कंपनीचं ऑफिस इथे आखातातच, सिलिकॉन ओएसिसमध्ये. इंग्लंडमधल्या एका वेबसाइटकडे तिकडच्या गावांचे, शहरांचे हजारो जुने फोटो होते. बाजार, चर्च, पूल, गल्ल्या, शाळेची पोरं. लोक ते फोटो शोधून काढायचे आणि खाली आपल्या लहानपणच्या आठवणी लिहायचे. ते फोटो साफ करायचं काम फहदच्या टीमकडे आलं होतं. बुरशी, ओरखडे, शाईचे डाग सॉफ्टवेअर शोधायचं आणि पुसायचं, आणि फहद त्यावर अप्रूव्हचं बटण दाबायचा. दिवसाला चारशे फोटो. डोळे मिटून दाबायचा असं नाही, पण फार उघडूनही दाबायचा नाही.

आठ महिन्यांपूर्वी त्यानेच हौसेने वडिलांना ही साइट उघडून दिली होती. खैरुद्दीनचे वडील दाभोळ खाडीकाठचे, बोटीवर खलाशी. बोट सोडून ते इंग्लंडमधल्या थॉर्नबेकच्या कापडगिरणीत रातपाळीला लागले आणि बायको-मुलाला तिकडे बोलावून घेतलं. सहाव्या वर्षापासून दहाव्यापर्यंत खैरू तिथे वाढला. मग आई आजारी पडली, सगळे गावी परतले आणि वर्षाच्या आत ती गेली. एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढचं कुणालाच नाही.

हमीदाचा, म्हणजे खैरूच्या अम्मीचा, एकही फोटो जगात नव्हता. तिला तसबिरीचं वावडं. तसबीर असते त्या घरात फरिश्ते पाऊल ठेवत नाहीत, हे तिचं ठाम म्हणणं. पासपोर्टसाठी नाइलाजाने एक काढला, तर जाताना बजावून गेली, माझ्यामागे माझं तोंड परक्यांनी बघता कामा नये. चाळिसावा झाला त्या दिवशी वडिलांनी तो फोटो पासपोर्टवरून सोलून काढला आणि चुलीत टाकला. अकरा वर्षांचा खैरू बाजूला उभा होता. त्याला हात धरून थांबवावंसं वाटलं, पण बापापुढे तोंड उघडायची तेव्हा कुणाची छाती होती? पुढे वर्षं गेली तसा तो चेहरा पुसट होत गेला. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना आईचे हात आठवायचे, हाक आठवायची, ओढणीला येणारा तळलेल्या कांद्याचा वास आठवायचा. चेहरा काही केल्या आठवायचा नाही.

आणि अशात तो फोटो सापडला. टॅनर स्ट्रीट, १९६५. चौदा नंबरच्या दारात नखाएवढी एक बाई, डोक्यावर पांढरी ओढणी, एक हात कपाळाशी. खैरुद्दीनला ओळखायला क्षणही लागला नाही. ती त्याचीच वाट बघत होती, डोळ्यांवर हात धरून. शाळेतून येताना कोपऱ्यावरची पोरं त्याची टोपी हिसकावायची, दप्तर गटारात फेकायची. म्हणून रोज चार वाजता ती बंद दार उघडायची आणि तो घरात शिरेपर्यंत उंबऱ्यावर उभी राहायची. आठ महिने दर शुक्रवारी नमाजनंतर तो फोटो उघडायचा, मनातल्या मनात फातिहा पढायची आणि टॅब मिटायचा, हा त्यांचा नेम. सांगितलं कुणालाच नव्हतं. आईचा शब्द होता ना!

“अब्बा, मला कसं कळणार?” फहद म्हणाला. “सॉफ्टवेअरने तिथे डाग दाखवला. पांढरा पॅच. बुरशी अशीच दिसते.”

“बुरशी!” खैरुद्दीन खुर्चीतून उठलेच. “माझी आई तुला बुरशी दिसली? आणि दार हिरवं केलंस. कुणी सांगितलं हिरवं होतं? तपकिरी होतं ते! त्यावर पोरांनी खडूने काय काय लिहिलेलं असायचं, ते ती रोज सकाळी फडक्याने पुसायची. आणि हे वाच. मोठ्याने वाच. खाली काय लिहिलंय ते तुझ्या लेकीलाही ऐकू दे.”

फहद वाचेना, तेव्हा अलिनाने टॅब घेऊन वाचलं. टॅनर स्ट्रीटवरच लहानाचा मोठा झालेल्या कुणा निवृत्त गृहस्थाने रात्री आठवण लिहिली होती. किती सुंदर फोटो, किती सुंदर दिवस. आमच्या गल्लीत सगळ्यांची दारं सताड उघडी असायची. सगळे सगळ्यांना ओळखायचे. परका माणूस औषधालाही नव्हता. खाली एकशे बारा बदाम.

“So sweet,” अलिना सवयीने म्हणून गेली आणि आजोबांचं तोंड बघून तिने जीभ चावली.

“आमच्या दाराला पत्रं टाकायची फट होती,” खैरुद्दीन म्हणाले. “त्या फटीतून काय काय आत यायचं, ते जेवायच्या वेळेला सांगत नाही. अम्मीने मासे तळले की पोरं बाहेर नाक धरून नाचायची. आणि हा म्हणतो परका माणूस औषधाला नव्हता! बरोबर आहे की. बघा, फोटोत कुठे आहे? त्याने नुसती थाप मारली होती, फहद. माझ्या पोराने ती खरी करून दिली. बटण दाबून!”

फहदचाही पारा चढला. शेवटी लेक त्यांचाच. “मग सांगायचं होतंत ना! आठ महिने दर शुक्रवारी माझ्यासमोर बसून बघता. एकदा म्हणाला असतात, फहद, ही तुझी दादी. बास! मला तर दादीचं नावही माहीत नाही. या घरात कुणी कधी उच्चारलंय?”

“मला तरी कुठे सांगितलं?” रुकय्या पहिल्यांदाच बोलली. ओढणीच्या टोकाने ती हात पुसत होती. “चव्वेचाळीस वर्षं तुमच्या ताटात भात वाढते. सासूचा फोटो माझ्या घरात, माझ्या टेबलावर, आणि मलाच पत्ता नाही. मी परकी होते का?”

खैरुद्दीन आणखीच चिडले. “ते मला काही माहीत नाही. तिला परत आण. यल्ला, लवकर!”

फहद लॅपटॉप घेऊन आला. नशीब, मूळ स्कॅन साठ दिवस जपून ठेवायचा नियम होता, त्यातले नऊ राहिले होते. फाइल हळूहळू उघडत होती. स्वयंपाकघरात बांगडे करपल्याचा वास सुटला, तरी रुकय्या जागची हलली नाही. आणि मग ती आली. काळ्या-पांढऱ्या दारात, पांढऱ्या ओढणीत, होती तशी.

“मोठं कर,” खैरुद्दीन म्हणाले. टॅबवर जेवढं मोठं व्हायचं तेवढं त्यांनी आठ महिन्यांत करून बघितलं होतं, पुढे नुसता धुरळा दिसायचा. मूळ स्कॅन मात्र मोठा होता. फहदने दार पूर्ण स्क्रीनभर आणलं.

हात कपाळाशी नव्हता. पंजा पसरून तिने आख्खं तोंड झाकलं होतं. बोटांच्या फटीतून एक डोळा तेवढा दिसत होता, आणि तो कोपऱ्याकडे बघत नव्हता, कॅमेऱ्याकडे बघत होता. कुणी गोरा माणूस गल्लीत तिपाई लावून उभा राहिला, आणि ही बाई दार सोडून आत पळाली नाही, कारण चार वाजले होते आणि पोरगा यायचा होता. तोंड झाकून तिथेच उभी राहिली.

खैरुद्दीनने स्क्रीनवरच्या त्या पंजावर बोट ठेवलं. चेहरा बघायला मिळेल, एकदा तरी मिळेल, याच आशेवर आठ महिने काढले होते.

वडिलांची ती अवस्था फहदला बघवेना. त्याने चुचकारल्यासारखं म्हटलं, “अब्बा, एक होऊ शकतं. हात काढता येतो. तुमचा फोटो, माझा, अलिनाचा टाकला की सॉफ्टवेअर चेहरा बनवून देईल. अगदी खरा वाटेल. दहा मिनिटांचं काम आहे.”

खैरुद्दीनने स्क्रीनकडे बघितलं. खोटं कशाला बोला, एक क्षण त्यांना मोह झाला. मान हलवली असती तर दहा मिनिटांत आई हसून समोर उभी राहिली असती. आणि मग असा राग उसळला की आधीचं सगळं ओरडणं काहीच नव्हतं.

“हात लावशील तर याद राख!” त्यांनी लॅपटॉपवर थाप मारली. “आधी माझी आई पुसलीस, आता नवी घडवून देतोस? त्या माणसाला तिने तोंड दाखवलं नाही, बापाने उरलेलं जाळलं, मी साठ वर्षं गप्प बसलो, आणि तुझं मशीन दहा मिनिटांत तिचा हात बाजूला करणार? कोण लागतं ते तिचं? जशी उभी आहे तशी ठेव! ओरखडेसुद्धा राहू दे.”

“पण मग परक्यांनी बघू नये म्हणाल्या होत्या ना?” रुकय्याने हळूच विचारलं.

“बघू देत. काय बघणार आहेत? तोंड तर तिने झाकलंय.” खैरुद्दीनने बाहीने डोळे पुसले. “तिने स्वतःची सोय स्वतः केली. आमच्या भरवशावर राहिली नाही, हेच बरं.”

फहदने मूळ फोटो परत चढवायचा फॉर्म उघडला. चूक कबूल करायची म्हणजे क्लायंटपुढे त्याच्या नावावर एरर लागणार होती. ‘काय पुसलं गेलं’ या रकान्यात निवडायला बुरशी होती, शाई होती, ओरखडा होता, पाण्याचा डाग होता. माणूस नव्हतं. त्याने ‘इतर’ निवडलं, आणि कारणाच्या जागी लिहिलं की चूक माझी, ही माझी दादी आहे. मग बापाकडे न बघता म्हणाला, “नाव सांगा.”

“हमीदा.”

रुकय्याने ते नाव पुटपुटून बघितलं.

“आता तू,” खैरुद्दीन नातीकडे वळले. “त्या माणसाच्या खाली मला लिहायचंय. मी सांगतो, तू इंग्लिश कर.”

“Okay, Dada. But be nice, please. त्यांचे कमेंट रूल्स आहेत.”

“खरं तेवढंच सांगतो. लिही. मी चौदा नंबरमध्ये राहत होतो. दारात उभी आहे ती माझी आई, हमीदा. ती मी शाळेतून यायची वाट बघते आहे. आमचं दार कधी उघडं नसायचं.” ते स्क्रीनकडे वाकले. “का, ते तुम्हाला आठवत असेल.”

अलिनाने लिहिलं, परत वाचलं आणि विचारलं, “Should I put ‘kind regards’?”

“नको,” खैरुद्दीन म्हणाले. “पाठव.”