पाच नंबरच्या बोअरची पेटी

भिवा जुनी रबरी चप्पल सुरीने कापत बसला होता.

चाकणजवळच्या त्या गॅस प्रकल्पात नव्या टाकीच्या पायाचे काँक्रीट अकरा वाजता पडायचे होते. त्याआधी खड्ड्याचा तळ पाहून मला सही करायची होती, कारण जमिनीचा अहवाल माझा होता. सव्वादहा झाले होते. काँक्रीटच्या सात गाड्या फाटकाशी ड्रम फिरवत उभ्या होत्या.

तळ काळ्या, कठीण दगडाचा होता. तरी सही करायला हात उचलेना. केलेले पुन्हा पाहायची माझी सवय जुनी आहे, आणि तिचा उपयोग फारसा झालेला नाही. म्हणून वेळ काढायला पलीकडे भिवाच्या यंत्राकडे गेलो. वीस वर्षे तो जमिनीत बोअर घेऊन दगडाच्या गोल कांड्या काढतो आणि लाकडी पेटीत क्रमाने मांडतो. किती खोलीवर काय आहे, ते त्या पेटीवरून कळते. आत्ता तो चपलेचा तुकडा दोन कांड्यांच्या मध्ये बसवत होता. हे कशाला, असे मी विचारले.

"दगड हाती आला न्हाई, तिथं तेवढ्या मापाचं रबर. पुस्तकात लाकडाचा ठोकळा असंल सर, पण आमाला लाकूड कोण देतंय?"

महिन्यापूर्वी याच खड्ड्याच्या जागी घेतलेल्या पाच नंबरच्या बोअरची पेटी माझ्यासमोर आली, तेव्हा तिच्यातही रबराचे तुकडे होते. कचरा समजून मी ते फेकले, कांड्या एकमेकींना भिडवल्या, फडक्याने पुसल्या आणि फोटो काढला. लांबी चाळीस सेंटिमीटर कमी भरली. दगडाचा चुरा वाहून गेला असावा, असे मी लिहिले. छत्तीस वर्षे ताथवड्याच्या कॉलेजात हाच विषय शिकवला होता. पेटी भरणाऱ्याला विचारावे, हे सुचले नाही.

पाच नंबरला रबर किती होते, असे मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारले.

"चांगलं दोन वीत. दोन चपला गेल्या त्यात." तो हसला, पण माझा चेहरा पाहून थांबला. "पाणी लाल आलं होतं, सर. गेरूसारखं. ह्या खड्ड्याच्या तळाखाली पुरुषभर."

म्हणजे हाती न आलेला भाग दगड नव्हता, बोअरच्या पाण्याबरोबर वाहून गेलेली लाल माती होती. दगडाच्या दोन थरांमधली ही माती कोरडी असताना दगडासारखीच वाटते आणि भिजली की लोणी होते. टाकी एका बाजूला चार बोटे खचली तरी नळ ओढले जातील. गॅस सुटेल. मग एक ठिणगी पुरे.

भिवा बोअरचा नंबर चुकत असेल, असे मनात आले. तसे असावे अशी इच्छाही झाली.

प्रकल्पाचा प्रमुख जयदीप कागद घेऊन आला. तो माझा जुना विद्यार्थी.

"सर, परीक्षेत आम्हाला तीन तास द्यायचात. तुम्हाला किती देऊ?"

त्याच्या मागे उभे असलेले दोघे हसले. मी पेन मिटले आणि पेटीची हकीकत सांगितली. आवाज बारीक होता, म्हणून त्याने पुन्हा सांगायला लावली. दुसऱ्या वेळी कोणी हसले नाही. जयदीपने भिवाला बोलावून तेच विचारले आणि तेच उत्तर आले. मग त्याने गाड्या परत पाठवल्या आणि यंत्र खड्ड्यात उतरवायला सांगितले. माझ्याशी तो दुपारभर बोलला नाही.

चार वाजता बोअरमधून राखाडी पाणी वर येत होते. दीड मीटर झाले, तरी राखाडीच. मी चुकलो, उगाच सगळे थांबवले, असे वाटू लागले. तेवढ्यात यंत्राचा आवाज मऊ झाला आणि भिवाच्या पायांशी लाल पाणी पसरले.

जयदीपने वाकून ते बोटांवर घेतले.

"एकूण बारा बोअर होते, सर. त्यातल्या चारांवर पाया घालून झालाय." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. "रबर कुठल्या कुठल्या पेटीतून काढलंत?"

"सगळ्यांतून," मी म्हणालो.