घोडकाठची मोजणी

अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्चात रंभा यंत्र घेऊन इनामगावला आली. दौंडच्या रेल्वे फिटरची ही मुलगी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत संशोधक होती. घोड नदीच्या एका काठावर अतिनील प्रकाशाचा दिवा लावायचा, पलीकडच्या काठावर तो प्रकाश यंत्रात पकडायचा, आणि वाटेत त्यातला किती गिळला गेला त्यावरून जमिनीलगतच्या हवेत ओझोन किती ते काढायचं, असं तिचं काम होतं. शहराचा धूर उन्हात तापून गावांपर्यंत काय होऊन पोचतो, ते त्यातून कळणार होतं.

दिव्याला वीज हवी, म्हणून गावातल्या मातब्बर बापूसाहेबांची माडी ठरली होती. बापूसाहेबांनी चहा दिला, आडनाव विचारलं, मग दौंडात घर कुठं तेही विचारलं. भीमनगरात, असं तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गडी निरोप घेऊन आला : दिवा वर जाईल, बाईंनी खाली थांबावं, त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर तो लावील.

रंभाच्या अंगाचा तिळपापड झाला. शिरूरला जाऊन तिनं प्रयोगशाळेतल्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, काम महत्त्वाचं, ड्रायव्हरला शिकवा, वाद नको. तिनं परत येऊन दिवा खोक्यात भरला.

नदीकाठी हरिबाची बागायत होती. त्याच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, आता ऊस होता आणि मोटारीच्या खोलीत वीज. रंभानं त्याला काही न लपवता सगळं सांगितलं. हरिबाचं बापूसाहेबांकडे रोजचं जाणंयेणं.

"लावा हितं," तरी तो म्हणाला. "त्यांस्नी काय सांगायचं ते मी बघतो."

पलीकडच्या काठावर चांगदेव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात यंत्र बॅटरीवर चाललं. पुण्याकडून पश्चिमेचा वारा सुटला की दुपारी ओझोन चढायचा. उन्हाळाभर रंभानं तो मोजला.

पावसाळ्यात पुण्यात परिषद भरली. साहेबांनी निष्कर्ष वाचले आणि शेवटी जागा व वीज दिल्याबद्दल पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसलेल्या बापूसाहेबांचे आभार मानले. रंभा उठून उभी राहिली.

"दिवा हरिबांच्या मोटारीच्या खोलीत होता, यंत्र चांगदेवांच्या रानात. बापूसाहेबांनी माझी वस्ती विचारली आणि मला जिना चढू दिला नाही."

साहेबांनी बसायला सांगितलं. ती बसली नाही. अध्यक्षांनी दोघांची नावं घेऊन आभार मानले, तेव्हाच बसली.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब रंभाला वगळून स्वतःच दिवा घेऊन हरिबाकडे गेले.

"बाई येतील तवा लावा," हरिबा म्हणाला.

साहेब तसेच परतले. रंभाला पाठवण्याऐवजी त्यांनी मोजणीच बंद केली.